थेंब आणि स्फटिक

वाशीम नगरीत पद्मतीर्थ नावाचा प्राचीन तलाव आहे. पद्म म्हणजे कमळ. सदैव पाण्यात राहूनही कमळाचे पान भिजत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला अलिप्ततेचे प्रतीक मानले. परंतु ते भिजत का नाही?

या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाच्या स्फटिकांच्या नळ्या उभ्या असतात. एका नळीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते. पाण्याचा थेंब या नळ्यांच्या टोकांवर टेकतो. त्याच्या खाली बहुतेक हवाच असते. त्यामुळे तो पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळताना पानावरील धूळ घेऊन जातो. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली या गुणाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

थेंब पसरतो की गोल राहतो, हे परस्परांच्या ओढीवर अवलंबून असते. पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ अधिक असेल, तर थेंब गोल होतो. आधाराची ओढ अधिक असेल, तर तो पसरतो. थेंब आधाराशी जो कोन करतो, त्याचा विचार टॉमस यंग यांनी १८०५ साली मांडला.

आश्चर्य असे की, घन पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकालाही हाच न्याय लागू पडतो. तोही आधारावर चपटा बसतो किंवा उंच राहतो. मात्र त्याला सपाट पैलू असतात, आणि त्याचा आकार थेंबासारखा क्षणात बदलत नाही. उष्णता मिळाली म्हणजे त्याचे अणू पृष्ठभागावरून हळूहळू सरकतात. आधारावर सूक्ष्म खांब असतील, तर स्फटिक त्यांच्या माथ्यावर तरंगल्यासारखा टेकतो, नाहीतर खांबांमधील पोकळीत उतरून ती भरून टाकतो.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मोटारीचा धूर शुद्ध करणाऱ्या साधनात प्लॅटिनमचे असे सूक्ष्म कण आधारावर बसविलेले असतात. आधाराची पकड दुबळी असेल, तर उष्णतेने ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. मग धुराला स्पर्श करणारा त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि विषारी वायू तसेच बाहेर पडतात. कण मौल्यवान असला, तरी त्याचे कार्य योग्य आधारावाचून सिद्धीस जात नाही.

स्वाध्याय
१. कमळाच्या पानावर थेंब गोल का राहतो?
२. अळूच्या पानाचा थोडा भाग बोटाने जोराने चोळा. चोळलेल्या व न चोळलेल्या भागांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काय फरक दिसतो? त्याचे कारण लिहा.