भौतिकशास्त्र : संशोधन आणि अध्यापन यांची एकच वाट



दहावीनंतर विज्ञान शाखा घेणाऱ्या मुलामुलींना घरी ठरलेला प्रश्न विचारला जातो : डॉक्टर होणार की इंजिनिअर? कुणी 'मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे' असे म्हटले, तर आईवडील काळजीने विचारतात, 'ते शिकून पुढे काय?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात महिन्याच्या पगाराची पहिलीच पिढी उभी राहायची आहे, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. मी इतिहासाचा शिक्षक आहे. सूत्रे शिकविण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु कोणता माणूस कोठून निघाला, कोणत्या आधारावर चालला आणि त्याच्या मार्गात कोण आडवे आले, हे तपासणे इतिहासाचेच काम आहे. त्या दृष्टीने दोन शास्त्रज्ञांची चरित्रे तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले डॉ. जयंत विष्णु नारळीकर. जन्म कोल्हापूर येथे, 19 जुलै 1938 रोजी. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजमध्ये शिकून आलेले गणिती व बनारस हिंदू विद्यापीठातील गणित विभागाचे प्रमुख. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. जयंतरावांचे शालेय शिक्षण बनारसला हिंदी माध्यमातून झाले. मराठी माध्यमात शिकतो म्हणून मनात न्यूनगंड बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. 1957 साली ते बी.एस्सी. झाले, केंब्रिजला गेले, तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले आणि फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली.

त्यांच्या बालपणातील एक गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे. घरात भिंतीवर फळे लावलेले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे उच्च शिक्षणासाठी बनारसला त्यांच्याकडे राहत. ते फळ्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि त्यावर 'जे. व्ही. एन.साठी आव्हान' अशी खूण करीत. भाचा ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते गणित तसेच राही. त्याला गुण नसत, वेळेची मर्यादा नसे आणि न सुटल्यास शिक्षाही नसे.

ही कथा आपण प्रतिभेची म्हणून ऐकतो. मला मात्र ती प्रथम फळ्याची कथा वाटते. बुद्धी घराघरांत असते. परंतु भिंतीवर फळा आणि त्यावर लिहिणारा मामा किती घरांत असतो? नालासोपारा किंवा विरार पूर्वेच्या चाळीतील एका खोलीत पाच माणसे झोपतात. तेथे फळा लावायला मोकळी भिंतच नसते. निवासी शाळा उभी राहते ती याच कारणासाठी. घर जे देऊ शकले नाही ते वसतिगृहाच्या अभ्यासिकेने द्यावयाचे असते. केवळ जेवण आणि अंथरूण पुरविले की वसतिगृह झाले, असे मानणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही.

नारळीकरांची दुसरी एक हकिगत अधिक विचार करावयास लावणारी आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचे दडपण येऊ नये, हा हेतू. कथेला पारितोषिक मिळाले. हा त्यांचा प्रामाणिकपणा निःसंशय थोर होय. पण येथे थांबून पाहावे. मोठे नाव फायदा करून देईल म्हणून एकाने ते लपविले. आपल्याकडे आडनाव तोटा करील या भीतीने ते लपविणारी माणसे पिढ्यान्पिढ्या होऊन गेली. लेखी परीक्षेत बैठक क्रमांक असतो, तोंडी परीक्षेत आडनाव असते. हे तुम्हांला घाबरविण्यासाठी लिहीत नाही. तयारी करताना माहीत असावे म्हणून लिहितो.

आता संशोधनाकडे वळू. 1964 मध्ये हॉयल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला आणि नारळीकरांचे नाव जगभर झाले. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव स्थिर स्थितीत आहे, अशी हॉयल यांची विश्वाविषयीची धारणा होती. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो महास्फोटाचा पुरावा मानला. नारळीकर अल्पमतात गेले आणि आयुष्यभर जवळजवळ अल्पमतातच राहिले. 1993 मध्ये हॉयल व बर्बिज यांच्यासह त्यांनी आपल्या कल्पनेचे सुधारित रूप मांडले. विशेष हे की विश्वरचनाशास्त्रावरील त्यांच्या पाठ्यपुस्तकात महास्फोटाचा सिद्धान्त पूर्ण आणि व्यवस्थित शिकविलेला आहे. स्वतःचे मत एक असताना विरुद्ध मत विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगणे, ही संशोधक-शिक्षकाची खरी कसोटी. आम्ही इतिहासवाले या कसोटीला किती वेळा उतरतो, हा प्रश्न वेगळा.

1972 साली ते केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आणि 1988 मध्ये, प्रा. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहू लागली. तिचे महत्त्व समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. स्वातंत्र्याच्या आसपास आपल्या देशात संशोधन एका बाजूला आणि अध्यापन दुसऱ्या बाजूला अशी फाळणी झाली. चांगली उपकरणे आणि पैसा राष्ट्रीय संस्थांकडे गेला. विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या वाट्याला वर्ग, परीक्षा आणि उत्तरपत्रिका आल्या. परिणामी शिक्षकाचे संशोधन आटले आणि संशोधकाला विद्यार्थी दिसेनासा झाला. आयुकाने विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील शिक्षकांना सहयोगी म्हणून जोडून घेतले. लहान गावातील महाविद्यालयाचा प्राध्यापक सुटीत तेथे जाऊन ग्रंथालय, संगणक आणि सहकारी यांचा लाभ घेतो व परत येऊन वर्गावर जातो. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानेही तेथे सुरू झाली.

दुसरे चरित्र बंगालचे आहे, आणि आपल्याला ते जवळचे वाटेल. मेघनाद साहा यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 रोजी ढाक्याजवळच्या शेवड़ातली या खेड्यात झाला. वडील किरकोळ दुकानदार. जात कनिष्ठ मानलेली. गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून दूरच्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहून शिकावे लागले. तेथे स्वतःचे ताट स्वतः घासायचे आणि घरच्या गाईची देखभाल करायची, या अटीवर आसरा मिळाला. 1905 साली बंगालच्या फाळणीच्या काळात गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्यात साहांची शिष्यवृत्ती गेली. कोलकात्याच्या हिंदू वसतिगृहात काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीस बसण्यास नकार दिला. ज्याच्या ताटाशेजारी बसायला लोक तयार नव्हते, त्याने 1920 साली ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्या वातावरणाचे तापमान व घटना वाचण्याची किल्ली जगाला दिली. तीच साहा समीकरण या नावाने ओळखली जाते.

साहा 1923 ते 1938 अलाहाबादला शिकवीत होते. तेथे प्रयोगशाळा उभी करणे, विद्यार्थी घडविणे आणि श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवरील ग्रंथ लिहिणे ही कामे त्यांनी केली. पुढे कोलकात्यात त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकीची संस्था स्थापन केली. संशोधन विद्यापीठातच वाढावे हा त्यांचा आग्रह होता. 1943 च्या दामोदर नदीच्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते सदस्य होते. आणि त्याच दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी 1945 मध्ये परिषदा घेत होते व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पाठ्यपुस्तकात ही दोन नावे एका पानावर येत नाहीत, यायला हवीत.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षणाविषयी एक नेमकी मागणी आहे. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आमच्या लोकांचे फारसे साधणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांनी मांडले. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने हे म्हणावे, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. 1946 चे सिद्धार्थ आणि 1950 चे मिलिंद या दोन्ही महाविद्यालयांत विज्ञान शाखा होती, ती याच विचारातून. आपण मात्र दीर्घकाळ कला शाखा आणि स्पर्धा परीक्षा यांतच अडकून पडलो. माझ्याच एम.ए.कडे पाहून हे म्हणतो.

वसईहून ही वाट कशी निघते? बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करता येते, किंवा 'नेस्ट' ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातील मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. अभ्यासक्रम घेता येतो. विरार लोकलने सांताक्रूझला उतरावे, पूर्वेला थोडे जावे. इतके ते जवळ आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची शिबिरे होतात. बी.एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षेतून आय.आय.टी.त एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. त्यापुढे सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. 'नेट'. तीत वरच्या क्रमाने उत्तीर्ण झाल्यास संशोधन छात्रवृत्ती मिळते. 2023 पासून ती पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे आणि परदेशासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. म्हणजे पीएच.डी. करणारा मुलगा घरावर भार नसतो, हे पालकांना सांगता येते.

पण पुढचेही सांगितले पाहिजे. 'नेट', 'सेट' किंवा पीएच.डी. असूनही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अनेक तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. सुटीच्या महिन्यांत त्यांना मानधन नसते. ही वाट निवडणाऱ्याने हे जाणून निवडावी. हातात प्रयोगाचे कौशल्य, संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा सराव आणि इंग्रजीत निबंध लिहिण्याची सवय असेल, तर एक दार बंद झाले तरी दुसरे उघडते. मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती पाहू नका; त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत काम पूर्ण केले आणि आज ते कोठे आहेत, हे विचारा.

आणि आता अभ्यासिकेतील फळ्यासाठी एक आव्हान. एक दोरा, एक जड नट आणि कंपासपेटीतील कोनमापक घ्या. विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये दारापासून दूर, आत बसा. नट दोऱ्याला टांगून स्थिर धरा. गाडी वेग घेताना दोरा मागे झुकतो. त्या कोनाच्या स्पर्शकाला 9.8 ने गुणले की गाडीचे त्वरण मिळते. कोन 3 अंश आला तर उत्तर सुमारे 0.51 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. मात्र वाचताना एका अंशाची चूक झाली, तर हेच उत्तर 0.34 ते 0.69 यांच्यामध्ये कोठेही असू शकते. याच तीन वस्तू वापरून ही चूक निम्मी कशी करता येईल?