जुनी डांबरी सडक : डागडुजी कीं नवी बांधणी?

अमरावतीहून यवतमाळास जाणारी सडक नेरवरून जाते, व ती ज्या भूमीवरून जाते ती कापसाची काळी भूमि होय. ही माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. शेतांतील भेगा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. सडकेखालींहि तीच माती आहे, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं.

म्हणून जुनी सडक तपासतांना प्रथम विचारावें कीं, रोग कातडीचा आहे कीं हाडांचा? ऊन व हवा यांनीं डांबर वर्षानुवर्षें कडक होत जातें, त्याचा काळेपणा जाऊन तें करडें दिसतें आणि वर बारीक भेगा पडतात. हा रोग कातडीचा. मृगापूर्वीं भेगा साफ करून तापलेल्या डांबरानें बुजवाव्या, म्हणजे थोडक्यांत भागतें. परंतु चाकांच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखें भेगांचें जाळें दिसूं लागलें, तर खालची खडी, मुरूम अथवा माती खचली आहे असें बहुधा समजावें. तेथें नुसता नवा थर देणें म्हणजे कुजक्या फाट्यांवर नवे कवेलू चढविणें होय. तेवढा भाग खणून पायापासूनच भरला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं शाळेच्या वाटेवर हा भेद स्वतः पाहावा.

डोळ्यांवर विसंबावयाचें नसेल, तर बेंकेलमन तुळई नांवाचें एक जुनें साधन आहे. मागच्या आंसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक सडकेवर उभा करतात व तो पुढें सरकल्यावर दबलेली सडक किती वर येते तें मोजतात. ही परीक्षा पावसाळा संपतांच घेणें उत्तम, कारण ओली माती तेव्हांच सर्वांत दुबळी असते.

मुख्य वैरी पाणीच. तें भेगांतून आणि कडेनें झिरपतें. अंदाजपत्रकांत गटारास शेवटचें स्थान मिळतें. आमच्या मतें तें पहिलें असावें. चांगलें काम किती टिकतें याचें उदाहरण पुण्याचा जंगली महाराज रस्ता. रेकॉन्डो कंपनीनें तो १९७६ सालीं दहा वर्षांच्या हमीवर बांधून दिला, व हमी संपल्यावरहि तो कित्येक दशकें उत्तम राहिला.

गांवांतील गल्लींत आणखी एक अडचण असते. थरावर थर चढत गेले कीं सडक उंबरठ्याहून उंच होते आणि पावसाचें पाणी घरांत शिरतें. अशा ठिकाणीं जुना थर यंत्रानें खरवडून मगच नवा घालावा. खरवडलेला माल फेकावा लागत नाहीं. तो तापवून नव्या मिश्रणांत पुन्हां वापरतां येतो.