ल्युकेमियातील गुणसूत्रांची अदलाबदल आणि सोमलाचा प्रश्न

ल्युकेमियाचे निदान झालेला रुग्ण अथवा त्याचे नातलग वैद्याकडे येतात, तेव्हा बहुधा दोन प्रश्न विचारतात. हा रोग आनुवंशिक आहे काय, घरातील मुलाबाळांना तो होईल काय, हा पहिला. सोमलाने रक्ताचा कर्करोग बरा होतो असे वाचले आहे, मग आपण मल्लयुक्त औषध का देत नाही, हा दुसरा. वरवर पाहता या प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी, रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशींच्या गुणसूत्रांत सापडते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही गुणसूत्रांचा विचार प्रथम व औषधाचा विचार नंतर करीत आहोत.

मानवी पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, हे आपण सर्व जाणतोच. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड या संशोधकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या श्वेतपेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला त्या शहराचेच नाव पडले. त्याचा तुकडा गेला कोठे, याचा उलगडा शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७३ साली केला. तुकडा नष्ट झालेला नव्हता. २२ व्या गुणसूत्राचा भाग ९ व्यावर आणि ९ व्याचा भाग २२ व्यावर जाऊन बसला होता. या अदलाबदलीत ९ व्या गुणसूत्रावरील एबीएल हे जनुक २२ व्यावरील बीसीआर या जनुकाला जोडले जाते. एबीएलपासून तयार होणारे प्रथिन एरवी गरजेपुरतेच कार्यरत होते व पुन्हा शांत होते. जोडजनुकापासून निर्माण होणारे प्रथिन मात्र शांत होणे विसरते आणि पेशीला विभाजनाचा आदेश अखंड देत राहते.

अशी अदलाबदल मुळात होते का? गुणसूत्रातील डीएनएचे दोन्ही धागे तुटणे ही दुर्मीळ घटना नव्हे. पेशीच्या नित्य व्यवहारात ती घडत असते आणि पेशी ती दुरुस्तही करते. दुरुस्तीची एक पद्धत अचूक असून ती शेजारच्या प्रतीशी ताडून पाहते. दुसरी पद्धत घाईची; ती समोर आलेली दोन टोके सरळ जोडून टाकते. एकाच वेळी दोन निरनिराळी गुणसूत्रे तुटली आणि ती केंद्रकात परस्परांच्या सान्निध्यात असली, तर घाईतल्या शिंप्याने सदऱ्याची बाही दुसऱ्याच सदऱ्याला लावावी तसा प्रकार घडतो. रक्तपेशींच्या केंद्रकात बीसीआर व एबीएल ही स्थाने पुष्कळदा जवळजवळ असतात, असे सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांत आढळले आहे.

तुटण्याची काही कारणे निश्चित ज्ञात आहेत. १९४५ च्या अणुस्फोटांतून वाचलेल्या हिरोशिमा व नागासाकी येथील नागरिकांत पुढील वर्षांत ल्युकेमियाचे प्रमाण वाढलेले आढळले. आयनीकारक किरणोत्सर्गाचा तो सर्वांत ठळक पुरावा होय. बेंझिनचा दीर्घ संपर्क हे दुसरे कारण. तिसरे थोडे विपरीत आहे. एटोपोसाइडसारखी कर्करोगावरचीच काही औषधे डीएनए उलगडणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला मध्येच अडवतात, आणि त्यातून ११ व्या गुणसूत्रावरील एमएलएल जनुक तुटून काही वर्षांत दुसराच ल्युकेमिया उद्भवू शकतो. चौथे कारण शरीराचे स्वतःचेच. लसीकापेशी प्रतिपिंडांची विविधता साधण्यासाठी आपला डीएनए रॅग नावाच्या विकराने मुद्दाम कापतात. ही कात्री चुकीच्या जागी चालल्याच्या खुणा लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात स्पष्ट दिसतात.

तथापि बहुसंख्य रुग्णांत कोणतेही बाह्य कारण सापडत नाही, हे आम्ही येथे आवर्जून नमूद करतो. विरुद्धाशन, मांसाशन, रात्रीजागरण यांपैकी काहीतरी शोधून काढून आधीच खचलेल्या रुग्णाच्या माथी दोष मारणे शास्त्राला धरून नाही.

आता आनुवंशिकतेविषयी. जनुकांतील बिघाड म्हटले की आपल्यापैकी अनेकांना चरकसंहितेच्या शारीरस्थानातील बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचे स्मरण होते, आणि ल्युकेमिया हा बीजदोषच असे विधान व्याख्यानांतून ऐकू येते. आमच्या मते हे विधान बहुतांश रुग्णांबाबत चुकीचे आहे. फिलाडेल्फिया गुणसूत्र रुग्णाच्या शुक्रात वा शोणितात नसते, त्वचेत नसते. जन्मानंतर मज्जेतील एका पेशीत ते उत्पन्न होते आणि केवळ तिच्या संततीत आढळते. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकालाच हा रोग झाला असता दुसऱ्याच्या पेशींत ते गुणसूत्र सापडत नाही. बालकांच्या काही ल्युकेमियांत अदलाबदल गर्भावस्थेतच होते. नवजात बालकांच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या व जपून ठेवलेल्या रक्तथेंबांत, रोग प्रकट होण्याच्या कित्येक वर्षे आधीची ती खूण आढळली आहे. पण हा गर्भातील आघात आहे, मातापित्यांकडून आलेला वारसा नव्हे. शिवाय निरोगी प्रौढांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा अत्यल्प अंश अतिसूक्ष्म चाचण्यांत दिसला आहे. म्हणजे पेशीत जोडजनुक झाले की रोग झालाच असेही नाही. बहुधा आणखी काही बिघाड घडावे लागतात.

बीजदोष हा शब्द जेथे खरोखर लागू पडतो असे मोजके विकार आहेत. ॲटॅक्सिया-टेलॅन्जिएक्टेशिया, ब्लूम सिंड्रोम व फँकोनी ॲनिमिया यांत डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच जन्मतः सदोष असते, त्यामुळे गुणसूत्रे वारंवार तुटतात. १५ वे व २१ वे गुणसूत्र जन्मतः परस्परांना जोडलेले असणाऱ्या व्यक्तींत एका विशिष्ट बालल्युकेमियाचा धोका सुमारे २७०० पटींनी वाढतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबात असा इतिहास नसेल, तर नातलगांना निःसंकोच धीर द्यावा.

दुसरा प्रश्न सोमलाचा. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात १५ व १७ या गुणसूत्रांची अदलाबदल होते. तिचा शोधही रौली यांच्याच गटाने १९७७ मध्ये लावला. येथे पीएमएल व आरएआरए ही जनुके जोडली जातात आणि श्वेतपेशी अपक्वावस्थेतच अडकून पडते. चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात झांग टिंगडाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोमल, पारदाचा क्षार व भेकविष असलेला एक लोकप्रचलित योग तपासावयास घेतला. एकेक घटक वगळत ते शुद्ध आर्सेनिक ट्रायऑक्साइडपर्यंत आले, आणि सर्वांत उत्तम गुण याच एका प्रकारात दिसला. पुढे शांघायच्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला व २००० साली अमेरिकेतही त्यास मान्यता मिळाली. कारण नंतर उमगले: आर्सेनिक जोडप्रथिनाच्या पीएमएल या टोकाला धरते आणि पेशीकडून ते प्रथिन मोडून टाकवते, अ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन त्याच प्रथिनाचे दुसरे टोक पकडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, फार गंभीर नसलेल्या रुग्णांत या दोन औषधांच्या उपचारानंतर दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोगाच्या पुनरुद्भवाशिवाय व अन्य अनिष्टाशिवाय होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर २००६ मध्ये ७२ रुग्णांत केवळ आर्सेनिक वापरून सुमारे ८६ टक्क्यांत पूर्ण उपशम मिळाल्याचे नोंदविले.

रसशास्त्राच्या अभ्यासकास याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे, आम्हासही वाटतो. परंतु ज्या पेशीत ते जोडप्रथिन नाही, तेथे आर्सेनिकला हे काम उरत नाही. क्रॉनिक मायलॉइड प्रकारात आधार आहे तो २००१ पासून उपलब्ध झालेल्या इमॅटिनिबचा व त्याच वर्गातील पुढील औषधांचा. शिवाय रुग्णालयात आर्सेनिक शिरेतून, प्रतिकिलो दररोज ०.१५ मिलिग्रॅम अशा मापाने, हृदयालेख व रक्तातील पोटॅशियम-मॅग्नेशियम वारंवार तपासून दिले जाते. मुखावाटे द्यावयाचा मनःशिलेचा व निळीचा एक चिनी योगही २०१३ मध्ये चाचणीत शिरेतील औषधाच्या तोडीचा ठरला. पण त्याचे घटक, मात्रा व रुग्णांचे निदान तिन्ही निश्चित होते. मल्लसिंदूर किंवा समीरपन्नग यांस ते फलित लावता येत नाही.

व्यवहारात याहून तातडीची एक गोष्ट आहे. प्रोमायलोसायटिक प्रकार अनेकदा हिरड्यांतून, नाकातून रक्तस्राव आणि त्वचेवर निळे-जांभळे डाग अशा रूपात प्रथम आपल्यासमोर येतो आणि रक्तपित्ताचे चित्र हुबेहूब उभे करतो. यात रक्त गोठण्याची क्रियाच कोलमडते. मेंदूतील रक्तस्रावाने काही दिवसांतच मृत्यू येऊ शकतो. वासा, दूर्वा, लाक्षा देऊन आठवडाभर वाट पाहण्याजोगा हा रुग्ण नव्हे. त्याच दिवशी रक्तगणना व स्मिअर करवून, संशय येताच रक्तरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. गुणसूत्रांचा अहवाल येण्यापूर्वीच तेथे ट्रेटिनॉइन सुरू केले जाते, इतका वेळ मोलाचा असतो.

इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णाची रक्तगणना सुधारली म्हणून ते बंद करण्याचा सल्ला देऊ नये. गणना प्राकृत झाल्यावरही जोडजनुक शिल्लक असते. ते पीसीआर चाचणीनेच कळते. दीर्घकाळ अतिशय अल्प पातळी राहिलेल्या निवडक रुग्णांत तज्ज्ञ औषध थांबवून पाहतात, तेही वारंवार चाचणी करीत. पिंपळी व मिऱ्यातील पायपरीन हे इमॅटिनिबचे पचन करणाऱ्या यकृतातील विकरास अडवते असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून त्रिकटुयुक्त योग नित्य द्यावयाचे झाल्यास तसे उपचार करणाऱ्या तज्ज्ञास कळवावे.

औषधी विक्रेत्यांसाठी एवढेच. गौरीपाषाण, हरताळ व मनःशिला ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत, आणि ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या योगांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन मल्लकल्प मागावयास येणाऱ्या गिऱ्हाइकास ते चिठ्ठीवाचून देऊ नयेत. त्याच्याजवळ रुग्णाचा गुणसूत्र-अहवाल असेल तर तो घेऊन वैद्याकडे जाण्यास सांगावे.