कॅन्सर पॅकेज घेण्याआधी

भगिनींनो, खासगी लॅबची पत्रके आपल्या वस्तीतही येऊ लागली आहेत: रक्त द्या, कॅन्सर ओळखा. त्यात अनेकदा सीए-१२५ ही चाचणी असते. पाळीत, गरोदरपणात, गर्भाशयात साध्या गाठी असल्या तरी हा आकडा वाढतो. मग घाबरून सोनोग्राफी, सीटी आणि उसनवारी! आकडा नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही, असेही नाही.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर या रक्तचाचणीत सापडत नाही. तिथे तपासूनच कळतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. प्रशिक्षण घेतलेल्या, दहावी शिकलेल्या बायांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे पातळ औषध लावून मिनिटभराने पाहिले. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आम्ही परिचारिकांनी हे अभिमानाने सांगावे असे आहे.

हीच तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी मोफत आहे. तोंड आणि स्तनही पाहतात. मिश्री लावणाऱ्यांनी तोंड दाखवायला लाजू नये. खासगीत जायचेच तर पॅप किंवा एचपीव्ही तपासणी मागा. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, स्तनात गाठ लागली, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.