घटक ४ : खाण व दगडखाणीतील अपघाताचे वृत्तलेखन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
● अपघाताच्या बातमीत कारणाचे स्थान स्पष्ट करता येईल.
● घटनास्थळी कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगता येईल.
● रूढ शब्दप्रयोगांतील उणिवा ओळखता येतील.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बातमीची रचना अभ्यासली. प्रस्तुत घटकात एका विशिष्ट प्रकारच्या बातमीचा विचार करावयाचा आहे. खाणीतील मृत्यूची बातमी बहुधा चार ओळींची असते. परंतु मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या चार ओळी घटनेची पहिली लेखी नोंद ठरू शकतात. म्हणून त्यांतील प्रत्येक शब्द तोलून वापरावा लागतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्द आणि कारण

पुढील दोन काल्पनिक वाक्ये पाहा.

(अ) दगडखाणीत दरड कोसळून मजुरावर काळाने घाला घातला.
(आ) दगडखाणीची कड पायऱ्या न पाडता खालून कोरली गेली होती. ती कोसळून खाली पहारीने दगड सोडवणारा मजूर ठार झाला.

पहिल्या वाक्यात कर्ता ‘काळ’ आहे. काळाला कोणी जाब विचारत नाही. दुसऱ्या वाक्यात कोणावरही आरोप नाही. तरीही कड का कोसळली, हे वाचकाला कळते. उघड्या खाणीची कड उतरती ठेवावी किंवा पायऱ्यापायऱ्यांनी खोदावी, ती खालून पोखरू नये, हा सुरक्षेचा मूलभूत नियम आहे. न उडालेल्या सुरुंगाच्या भोकात पुन्हा छिद्र पाडू नये, हाही तसाच नियम. नियम ठाऊक असल्याखेरीज त्याचा भंग दिसत नाही.

मोठ्या दुर्घटनांनाही हेच लागू पडते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील कोळसा खाणीत साठलेले पाणी मधला अडसर फुटून आत घुसले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. येथे ‘पाणी शिरले’ एवढे लिहून भागत नाही. पाणी आणि चालू काम यांच्यामध्ये काय होते, हा खरा प्रश्न आहे.

४.२.२ खाण कोणाला म्हणावे?

१९५२ च्या खाण कायद्याने अपघाताची सूचना देण्याचे बंधन घातले. मात्र बांधकामाचा दगड, खडी, मुरूम यांसारख्या खनिजांच्या उघड्या खाणीची खोली कोठेही ६ मीटरांहून अधिक नसेल, कोणत्याही दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर त्यातील बहुतेक तरतुदींतून तिला सूट देण्यात आली. म्हणून वार्ताहराने खोली किती, माणसे किती आणि सुरुंग लावले जात होते का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. सूट खरोखर लागू होती की केवळ गृहीत धरली होती, हे या उत्तरांवरून कळते.

४.२.३ न दिसणारी इजा

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे की, इजा कामामुळे व काम करीत असताना झालेली असावी. त्या कायद्याने सिलिकोसिससारख्या व्यवसायजन्य रोगांनाही इजा मानले. दगड फोडताना उडणारी सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचते. या रोगाला क्षय समजण्याची चूक पुष्कळदा होते. ‘दीर्घ आजाराने निधन’ असे छापले गेले, की मृत्यूचा कामाशी असलेला संबंध पुसला जातो. अशा वेळी मृत व्यक्तीने कोठे आणि किती वर्षे काम केले, हे विचारावे.

४.२.४ मर्यादेचे भान

कारण लिहिणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. चौकशीपूर्वी मालकास दोष देणे जितके अयोग्य, तितकेच ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द पडताळणीविना छापणेही अयोग्य. पाहिलेले, ऐकलेले आणि सिद्ध झालेले यांची सरमिसळ करू नये.

४.३ सारांश

अपघाताची बातमी मृतांच्या संख्येवर संपत नाही. जागेची स्थिती, कामाची पद्धत आणि कायद्याची व्याप्ती यांची नोंद तीत हवी. मृत्यूचे कारण सांगणारी भाषा ही अलंकाराची नव्हे, जबाबदारीची बाब आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘काळाचा घाला’ या शब्दप्रयोगाची वृत्तलेखनातील मर्यादा स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील वृत्तपत्रातून अपघाताची एक बातमी निवडा. तीत कारण आले आहे का, ते तपासा आणि वार्ताहराने विचारावयास हवे होते असे तीन प्रश्न लिहा.