ट ला ट आणि टाळीला टाळी

मुलांनो, पुढच्या अंकासाठी कविता द्या म्हटले की दुसऱ्या दिवशी पेटी भरते. ओळींच्या शेवटी सारखी अक्षरे आली की कविता झाली, असे पुष्कळांना वाटते. शेवटी येणाऱ्या या सारख्या अक्षरांना यमक म्हणतात. नुसते यमक जुळवत बसणाऱ्याला लोक म्हणतात, 'हा ट ला ट जोडतो.' भराभर लिहीत सुटला तर म्हणतात, 'कविता पाडतो.' जिलब्या पाडाव्यात तशा! दोन्ही बोल चेष्टेचे आहेत, बरं का.

समजा, कोणी असे लिहिले:

आमची गाय आहे काळी,
तिच्या गळ्यात आहे साखळी,
ती रोज सकाळी चरायला जाते आणि दूध देते सकाळ-संध्याकाळी.

यमक आहे, अर्थही आहे. मग अडते कुठे? मात्रा मोजू. ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाची 2. अनुस्वार असलेल्या अक्षराचीही 2. पहिली ओळ 16, दुसरी 16 आणि तिसरी 42! बैलगाडीला एक चाक बैलगाडीचे आणि एक सायकलचे लावावे तसे झाले. असल्या रचनेला ओबडधोबड म्हणावे.

आता हे म्हणून बघा:

टुणटुण टुणटुण टोळ,
आभाळाला झोळ,
झोळामध्ये बेडुकराव
शिजवत बसले घोळ.

आभाळाला झोळ पडत नाही आणि बेडूक काही घोळाची भाजी शिजवत नाही. अर्थ शून्य! तरी पाय आपोआप हलतो. दर चार मात्रांना एक टाळी द्या. प्रत्येक ओळीला चार टाळ्या बसतात. 'टोळ', 'झोळ', 'घोळ' यांच्यानंतरची चौथी टाळी मुकी आहे. तिथे शब्द नाही, पण जागा आहे. तिसऱ्या ओळीत तीच जागा 'राव' ने भरली. याला म्हणतात बडबडगीत. नाव बडबडीचे असले तरी ठोका चुकवून चालत नाही.

ठोका कशाला हवा, हे खेळताना कळते. राज्य कोणावर हे ठरवायला आपण गोल उभे राहून गाणे म्हणतो. त्यातल्या निम्म्या शब्दांना अर्थ नसतो. पण एका ठोक्याला एक पोर, असे बोट फिरते. ठोका चुकला की बोट कोणावर आले यावरून भांडण! म्हणजे तिथे अर्थावाचून अडत नाही, तालावाचून अडते. आपल्या काळ्या गाईलाही तालात आणता येईल:

काळी अमुची गाय,
तिच्या दुधाला साय.

मात्रा 11 आणि 11. साखळी गोठ्यातच राहिली, पण गाय चालू लागली.

आणखी काही नावे. चार ओळींची छोटी कविता ती चारोळी. खिरीत घालतात ती चारोळी वेगळी. गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ ते पालुपद. घरी सारखे एकच मागणे मागू लागलात की आई म्हणते, 'झालं का तुझं पालुपद सुरू!' तो शब्द गाण्यातूनच आला आहे. जराशी खोडकर, चिमटा काढणारी कविता ती वात्रटिका. 'वात्रट' या शब्दाला मालिका, नाटिका यांच्यासारखे शेपूट लावले की झाली वात्रटिका. मंगेश पाडगावकरांचा याच नावाचा संग्रह आहे.

विडंबन मात्र नीट समजून घ्या. माहितीच्या कवितेची चाल तशीच ठेवून आत भलताच, हसवणारा विषय भरायचा, ते विडंबन. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह 1925 साली निघाला आणि अजूनही लोक तो वाचून हसतात. ज्याला मूळ कविता पाठ नाही त्याला तिचे विडंबन करता येणार नाही. म्हणजे आधी अभ्यास आलाच!

याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे विटंबना. कोणी बोलताना अडखळतो, कोणाचे आडनाव चमत्कारिक वाटते, की लगेच त्याच्यावर दोन ओळी जुळवून वर्गभर म्हणायच्या, हे विडंबन नव्हे, ती विटंबना. यमकामुळे अशा ओळी चटकन पाठ होतात आणि शाळा सुटली तरी त्या मुलाच्या मागे लागतात. तसला कागद पेटीत आला तर भिंतीवर लागणार नाही. कवितेची थट्टा हवी तेवढी करा.

शब्दांचे खेळ फक्त लहान मुलेच खेळतात असे नाही. बारामतीचे मोरोपंत (1729 ते 1794) मोठे पंडित कवी. त्यांनी शंभराहून अधिक रामायणे रचली असे सांगतात. त्यांतले एक आहे निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणायचे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य! 'राम' हे नावच त्यात बसत नाही, आणि कवीला स्वतःचे 'मोरोपंत' हे नावही घालायची सोय नाही.

पुढच्या अंकासाठी हेच करून बघा. ओठाला ओठ न लावता म्हणता येतील अशा दोन ओळी लिहा, टाळ्या देऊन मोजा आणि शनिवारपर्यंत पेटीत टाका. 'आई' चालेल, 'बाबा' चालणार नाहीत.