थंडीची बद्धकोष्ठता आणि चिनी काढा : काय शिकावे, काय टाळावे

पोट साफ होत नाही, हे चारचौघांत सांगायला आपल्याला लाज वाटते. मग कोणी सुचवलेले चूर्ण किंवा काढा गुपचूप घेतला जातो. आज आम्ही अशाच एका जुन्या चिनी काढ्याची माहिती देत आहोत. ती घरी काढा करण्यासाठी नाही. त्यामागचा विचार कळावा आणि धोका ओळखता यावा, एवढाच हेतू आहे.

काढा कोणता?

त्याचे नाव ‘वेन पी थांग’, म्हणजे प्लीहेला ऊब देणारा काढा. अन्न पचवून अंगाला बळ देण्याचे काम चिनी वैद्यक प्लीहेकडे मानते. थांग काळातील वैद्य सुन सिमियाओ यांच्या इ.स. 652 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात हा काढा आहे. रोगी गरीब की श्रीमंत, उच्च की नीच हे वैद्याने पाहू नये, सर्वांना नात्यातले समजावे, असेही त्यांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे.

विचार काय?

चिनी वैद्य बद्धकोष्ठता एकाच प्रकारची मानत नाहीत. तहान, कोरडे तोंड आणि पिवळी जीभ असेल तर ती उष्ण. हातपाय गार, जीभ फिकट व पांढरट, पोटदुखी शेकल्यावर कमी होणारी आणि अंगात अशक्तपणा असेल तर ती थंड. थंड प्रकारात नुसता जुलाब दिला तर माणूस आणखी गळतो. म्हणून या काढ्यात रेवाचिनी पोट साफ करते, सुंठ आणि ‘फू-त्झ’ ऊब देतात, तर जिनसेंग आणि ज्येष्ठमध बळ सांभाळतात.

धोका कुठे?

‘फू-त्झ’ हे बचनागाच्या जातीचे मूळ आहे. ते विषारी असते. चिनी वैद्य त्यावर प्रक्रिया करून आणि ते बराच वेळ उकळूनच वापरतात. त्यात चूक झाली तर ओठ व जीभ बधिर होतात, उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो. या विषावर खास उतारा नाही. अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठावे.

रेवाचिनीने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. गरोदर बाईने ती घेऊ नये. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. म्हणून बाजारातली अनोळखी मुळे आणून उकळू नका.

मग शिकायचे काय?

‘थंड’ प्रकाराची लक्षणे पुन्हा वाचा. अंग गार, थकवा, पोट साफ नाही. त्यात वजनही वाढत असेल तर थायरॉईड मंद झालेले असू शकते. थकवा आणि गार हातपाय रक्त कमी असल्यानेही होतात. दोन्हींची तपासणी रक्तातून होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच घट्ट होते. मात्र त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणखी एक कारण आपल्या वस्तीतच आहे. सार्वजनिक शौचालय लांब, रात्री अंधार, सकाळी रांग. म्हणून बाया पाणी कमी पितात आणि शौचाचा वेग दाबून ठेवतात. यावर कोणताही काढा चालणार नाही. हा प्रश्न महिला मंडळाच्या बैठकीत मांडा. दिवा आणि दुरुस्तीसाठी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या.

घरी काय करावे?

1. दिवसभर थोडे थोडे पाणी प्या.
2. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, पेरू खा.
3. सकाळी काही खाल्ल्यावर किंवा चहानंतर शौचाला जा. वेग दाबू नका.
4. रोज थोडे चाला.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तेव्हा जुलाबाचे औषध मुळीच घेऊ नका.

घरातल्या आजीला आणि सुनेला हे पान वाचून दाखवा. लाजेपोटी दुखणे अंगावर काढू नका.